पाहुणे आले, यजमान कुठे?

हवाईतल्या काही मोठ्या हॉटेलांमध्ये मॅनेजर, शेफ, इव्हेंटवाले यांच्या जोडीला आणखी एक पोस्ट असते. कल्चरल ॲडव्हायझर, म्हणजे सांस्कृतिक सल्लागार. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, गळ्यात फुलांची माळ घालून ‘अलोहा’ म्हणणाऱ्या टीमचा हेड असेल. समुद्रकिनारी ऑफिस, संध्याकाळी हुला डान्स. अजून काय हवं? पण थोडं खोलात गेल्यावर कळलं, की या जॉबचं डिस्क्रिप्शन एका ओळीत मावणारं नाही.

या कामाला दिशा देणाऱ्यांमध्ये एक नाव हमखास येतं, जॉर्ज कानाहेले यांचं. स्वतः मूळ हवाईयन. डॉक्टरेट केली कॉर्नेल विद्यापीठातून, तीही इंडोनेशियाच्या इतिहासावर. म्हणजे आधी जग पाहून झालं, मग घराकडे नीट बघितलं. तेव्हा घराची अवस्था फार बरी नव्हती. 1893 मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली होती. 1896 च्या कायद्याने शाळांमधून हवाईयन भाषा बाहेर गेली होती. आजी-आजोबांची भाषा नातवंडांना कळेनाशी झाली होती. 1971 मध्ये कानाहेले यांनी हवाईयन संगीतासाठी एक संस्था सुरू केली. पुढे ते थेट पर्यटन व्यवसायाच्याच दारात जाऊन उभे राहिले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पर्यटनात तीन गोष्टी असतात : जागा, यजमान आणि पाहुणा. आपण सगळं लक्ष पाहुण्यावर देतो. पण यजमानालाच स्वतःच्या जागेची गोष्ट माहीत नसेल, तर तो पाहुण्याला देणार काय? फक्त खोलीची चावी? माऊई बेटावरच्या एका हॉटेलात 1980 च्या दशकात त्यांच्या मदतीने कामगारांसाठी हवाईयन संस्कृतीचे वर्ग सुरू झाले. वर्गात शिकणारे बघा कोण, तर तिथेच राबणारे लोक. ज्यांच्या आजोबांची ती जमीन होती, तेच आता तिचा इतिहास शिकत होते.

वाइकिकीचंच घ्या. आज तिथे टॉवरच टॉवर दिसतात. पण नावाचा अर्थ आहे ‘उसळणारं पाणी’. तिथे एकेकाळी पाणथळ जमीन होती, माशांची तळी होती आणि ‘कालो’ची शेती होती. कालो म्हणजे आपलं अळूच! आपण पानांचं फदफदं करतो. ते कंद शिजवून, कुटून ‘पोई’ करतात. 1920 च्या दशकात कालवा खणून ही पाणथळ जमीन कोरडी केली गेली. कानाहेले यांनी वाइकिकीच्या या जुन्या रूपावर 1995 मध्ये पुस्तक लिहिलं. आज तिथल्या रस्त्यांवर सर्फबोर्डच्या आकाराचे माहितीफलक दिसतात, त्यामागेही त्यांचीच कल्पना. 2000 मध्ये ते गेले, फलक अजून उभे आहेत.

पण सगळंच इतकं गोड नाही. हौनानी-के ट्रास्क या हवाईयन प्राध्यापिका आणि कवयित्रीने पर्यटनावर कडक टीका केली होती. संस्कृती विकायला काढलीत, हा तिचा सरळ आरोप. मग सल्लागार नक्की कोणाच्या बाजूचा? पगार हॉटेल देतं आणि उत्तर द्यायचं असतं गावाला. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची तयारी ठेवूनच खुर्चीत बसायचं.

या प्रश्नाचं सगळ्यात अवघड उदाहरण माऊईवरच आहे. होनोकाहुआ इथे 1980 च्या दशकाच्या शेवटी हॉटेलसाठी खोदकाम सुरू झालं आणि वाळूतून माणसांचे सांगाडे निघू लागले. पाच-दहा नाही, 900 हून जास्त! मूळ हवाईयनांसाठी हाडं म्हणजे ‘इवी’, पूर्वजांचं अस्तित्वच. आंदोलन पेटलं. शेवटी खोदकाम थांबलं, पूर्वजांना पुन्हा तिथेच पुरलं गेलं आणि हॉटेल किनाऱ्यापासून मागे सरकवावं लागलं. 1990 मध्ये अशा दफनभूमींच्या रक्षणासाठी कायदाही बदलला. त्या मागे सरकलेल्या हॉटेलात क्लिफर्ड नाएओले यांनी अनेक वर्षं सांस्कृतिक सल्लागार म्हणून काम केलंय. विचार करा, ऑफिसच्या शेजारीच आपल्या पूर्वजांची जागा आहे आणि समोर सुट्टीच्या मूडमधला पाहुणा. त्याला हे सांगायचं, तेही त्याचा हिरमोड न करता आणि खरं न लपवता.

ऑगस्ट 2023 मध्ये माऊईवरचं लाहाइना शहर आगीत जळालं. सुमारे शंभर माणसं गेली. हॉटेलांत काम करणाऱ्या कित्येकांची घरं खाक झाली. काही आठवड्यांतच प्रश्न आला, पर्यटकांना परत बोलवायचं का? ‘आता नको’ म्हणणारेही स्थानिक होते आणि ‘कामच नसेल तर खायचं काय’ म्हणणारेही स्थानिकच. पाहुण्यांसमोर हसायचं की आपलं दुःख घेऊन घरी बसायचं? याचं उत्तर कुठल्याच ट्रेनिंग मॅन्युअलमध्ये नसतं.

हवाईयन भाषेत ‘कुलेआना’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ हक्क आणि जबाबदारी, दोन्ही एकदमच. जमिनीला म्हणतात ‘आइना’, म्हणजे जी खाऊ घालते ती. या दोन शब्दांत मला तरी त्या सल्लागाराचं काम दिसलं. जी जमीन आपल्याला खाऊ घालते तिच्याविषयी बोलायचा हक्क आहे, म्हणूनच गप्प बसायची सोय नाही.

आपण जर्नालिझमच्या वर्गात ‘स्टोरी कोणाची, सांगतंय कोण’ हा प्रश्न परीक्षेपुरता पाठ करतो. तिकडे काही माणसं रोज सकाळी तो प्रश्न घेऊन ड्युटीवर जातात. पुढच्या वेळी फिरायला गेलात की रिसेप्शनवर वायफायचा पासवर्ड तर विचाराच. पण त्या गावाच्या नावाचा अर्थही विचारून बघा. सांगणाऱ्याचा चेहरा खुलला, तर समजा यजमान भेटला.