स्लॅबचं घरही का पडतं?

३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आठवली की आजही पोटात गोळा येतो. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि खाली झोपलेली माणसं. तेव्हापासून आपण एक धरून बसलो: सिमेंटचा स्लॅब टाकला की भीती गेली.

पण २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत सिमेंट-सळईच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्या लावायला मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार, खाली नुसते कॉलम. जमीन बाजूला सरकते, वरचं वजन जागीच राहू पाहतं. सगळी ओढाताण त्या उघड्या कॉलमांवर येते. आपल्याकडे रस्त्याकडेच्या घराखाली शटरची दुकानं काढतात. तिथंही समोरची भिंत नसतेच.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याची. कॉलममधल्या उभ्या सळया रिंगांनी बांधलेल्या असतात. घर हललं की कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सगळ्यात जास्त मार बसतो. बाहेरचं काँक्रीट फुटून पडतं. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवलेलं असेल, तर ती उघडते. मग बंध सुटलेल्या कडब्याच्या पेंढीसारख्या सळया फाकतात आणि मधलं काँक्रीट चुरा होऊन गळतं. तेच टोक १३५ अंशात, आतल्या गाभ्याकडे वळवलेलं असेल, तर रिंग धरून राहते.

भूकंपासाठीचं भारतीय मानक १३९२० हेच सांगतं. शिवाय कॉलमच्या टोकांजवळ दोन रिंगांत १००मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा, जास्त अंतर नको. बीम आणि कॉलम जिथं मिळतात तिथंही रिंगा हव्यात. तिथं हात घालणं अवघड, म्हणून नेमक्या तिथल्याच गाळतात! मिस्त्रींना आम्ही विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "ताई, आजवर असंच करत आलो." आजवर तिथं भूकंप आला नव्हता, एवढंच.

बांधकामावर पाणी मारायचं काम बहुतेक घरांत आपल्याकडेच येतं. पण तोवर रिंगा आत बुजलेल्या असतात. जायचं ते आधी, कॉलमला फळ्या लागण्यापूर्वी, हातात टेप घेऊन.