पडद्यावरील उभी ओळ
संगणकाच्या पडद्यावर आलेख काढतांना उभ्या अक्षाशेजारीं त्याचें नांवहि उभें लिहावें लागतें. जावा भाषेच्या १९९८ सालच्या आवृत्तींत त्याकरितां 'फिरव' अशा अर्थाची आज्ञा आली. ती अक्षरें फिरवीत नाहीं, कल्पित कागदच फिरविते. आणि तोहि डाव्या वरच्या कोपऱ्याभोवतीं. म्हणून नवशिक्याचा मजकूर पडद्याबाहेर जातो! आधीं कागदाचा तो कोपरा लिहावयाच्या जागीं सरकवावा, मग कागद उणें ९० अंश वळवून (तेथें कोन रेडियनमध्यें देतात) सबंध ओळ एकदम लिहावी. अक्षरें सुटीं फिरविल्यास इंग्रजीचें कसेंबसें निभावतें. देवनागरीची मात्र शिरोरेषा तुटते, जोडाक्षरें फुटतात. लिहून होतांच कागद पूर्ववत् करावा, नाहींतर पुढील आडव्या रेघाहि उभ्या होतात.