डिस्क गेली की ड्राइव्ह गेला? मावशीच्या पाच डीव्हीडींची तपासणी

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून किरकोळ बदल केले आहेत.)

आजचा विषय सांगितला तर माझा मित्र म्हणाला, "काय बे, डीव्हीडी अजून कोण लावतंय?" खरंय त्याचं. नव्या लॅपटॉपला ट्रेच नसतो. पण आपल्या सोलापुरात कुठल्याही घरातलं कपाट उघडा, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या, मुंजींच्या डिस्का सापडतीलच. आणि बहुतेकांची दुसरी प्रत कुठेच नसते. स्टुडिओवाल्यानं मूळ टेप केव्हाच पुसून पुढच्या लग्नाला वापरलेली असते.

माझ्या मावशीकडे अशा पाच आहेत. मामाच्या लग्नाच्या, २००९ च्या. त्यात आजोबा माईक हातात घेऊन दोन-तीन मिनिटं बोलतात. त्यांचा आवाज असलेलं घरात दुसरं काहीही नाही. मावशीच्या कॉम्प्युटरवर या डिस्का अडकायला लागल्या. दुकानात दाखवल्या तर उत्तर आलं, "डिस्का गेल्या, टाकून द्या." मावशीनं पिशवी माझ्या हातात दिली. "तू एकदा बघ रे, मग टाकू."

आता इथे मुद्दा असा, की डिस्क अडकते तेव्हा दोष दोघांपैकी कुणाचाही असू शकतो, डिस्कचा किंवा ड्राइव्हचा. नुसतं लावून बघण्यात ते कळत नाही. त्यासाठी ड्राइव्ह कसा वाचतोय ते मोजावं लागतं.

ड्राइव्हवर १६एक्स लिहिलेलं असतं. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८५ एमबी. (सीडीचा एक्स वेगळा, फक्त १५० केबी. दोन्हींची गल्लत करू नका.) म्हणजे १६एक्सला सेकंदाला २२ एमबी. पण हा वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. डिस्कवरचा मजकूर आतून बाहेर लिहिलेला असतो, केंद्रापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ वर संपतो. ड्राइव्ह डिस्क एकाच गतीनं फिरवतो, मिनिटाला नऊ हजारांच्या वर फेरे. बाहेरचा घेर मोठा, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यात जास्त मजकूर लेझरखालून जातो. हिशेब केला तर आत साडेसहा एक्सच्या आसपास आणि कडेला १६. म्हणून निरोगी ड्राइव्हचा आलेख डावीकडून उजवीकडे शांतपणे चढत जातो, मध्ये खड्डे नाहीत. दोन थरांची डिस्क असेल तर रेषा चढते आणि दुसऱ्या थरात तशीच उतरते, तो दोष नव्हे.

आलेख काढायला नीरोचा सीडी-डीव्हीडी स्पीड, म्हणजे नंतरचा डिस्कस्पीड, हा जुना भरवशाचा प्रोग्रॅम. लिनक्सवाल्यांना डीव्हीडीझास्टर, तो फुकट आहे. काहीच नसेल तर घड्याळ लावा आणि अख्खी डिस्क हार्ड डिस्कवर कॉपी करा. पूर्ण भरलेली ४.७ जीबीची डिस्क १६एक्स ड्राइव्हनं पाच-सहा मिनिटांत उतरायला हवी, लॅपटॉपच्या ८एक्स ड्राइव्हनं दहाएक मिनिटांत. वीस-पंचवीस मिनिटं लागली तर काहीतरी बिनसलंय. एक सांभाळा: दुसऱ्यांदा मोजताना आधी डिस्क बाहेर काढून परत घाला. नाहीतर कॉम्प्युटर मघाशी वाचलेलं स्वतःच्या मेमरीतूनच देतो, आणि आपण खूश होतो की ड्राइव्ह पळतोय!

पण पहिली चाचणी लग्नाच्या डिस्कवर करायची नाही. ज्या डिस्कबद्दल शंका आहे तीच मापाला कशी वापरणार? छापील डिस्क घ्या. उलटी करून बघा: खालची बाजू चांदीसारखी असेल तर ती कारखान्यात साच्यातून काढलेली, तिच्यात खरोखरचे खड्डे असतात. जांभळट असेल तर ती घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेली, तिच्यात रंगाचा थर असतो आणि तो ऊन-उष्णतेनं उतरतो. सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात डिस्क काय सोसत असेल, विचार करा.

मी 'डिजिट' मासिकाबरोबर येणारी जुनी डीव्हीडी वापरली. गच्च भरलेली आणि छापील, यापेक्षा चांगलं माप नाही. सिनेमाची डिस्क शक्यतो टाळा. मोझर बेअरच्या त्या स्वस्त सिनेमा-डिस्का घरोघरी असतील, पण सिनेमा ओळखला की बरेच ड्राइव्ह मुद्दाम हळू वाचतात, आवाज कमी यावा म्हणून. शिवाय कॉपी-संरक्षण असेल तर नसलेल्या चुका दिसतात.

मावशीच्या ड्राइव्हमध्ये 'डिजिट'ची डिस्क घातली. रेषा तिसऱ्या हिश्शापर्यंत चढली आणि मग करवतीच्या दात्यांसारखी. खाली-वर, खाली-वर. वाचता आलं नाही की ड्राइव्ह गती उतरवतो, परत वाचतो, म्हणून ते दाते. तीच डिस्क माझ्या घरच्या ड्राइव्हमध्ये सरळ चढत गेली. म्हणजे दुकानदारानं निकाल दिला होता तो चुकीच्या आरोपीवर.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मावशी पूर्व भागात राहते, भिंतीला लागून यंत्रमाग. हवेत सुताचे बारीक तंतू कायम. ड्राइव्ह उघडला तर आतल्या लेन्सवर त्यांची साय धरलेली. फोटोवाल्यांचा रबरी फुगा घेऊन हवा मारली, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अगदी हलक्या हातानं पुसलं. जोर लावायचा नाही, लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये हे काम सोपं, लेन्स ट्रेवरच दिसते. परत आलेख काढला, दाते गेले.

जाता जाता: जुन्या एक्सपी मशीनवर, रुंद पट्टीची केबल असलेल्या ड्राइव्हचा आलेख चढण्याऐवजी खालीच सपाट राहिला तर लेन्सच्या मागे लागू नका. सहा चुका साठल्या की विंडोज त्या ड्राइव्हला डीएमएवरून पीआयओ या संथ पद्धतीवर टाकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो चॅनल काढून मशीन रीस्टार्ट करा.

आता लग्नाच्या डिस्का. चार सुरळीत उतरल्या. पाचवी दोन्ही ड्राइव्हमध्ये एकाच जागी अडखळली, शेवटच्या पट्ट्यात. दोन ड्राइव्ह, एकच जागा, म्हणजे इथे दोष डिस्कचाच. कडेला बोटं लागतात, आणि वेगात बर्न केलेल्या डिस्कचं लिखाण तिथेच जास्त कच्चं असतं. आणि आजोबांचं बोलणं याच डिस्कवर.

अशा डिस्कला प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आधी मऊ कापडानं आतून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. मग डीडीरेस्क्यू लावा. तो पहिल्या फेरीत सोपं तेवढं उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशात टिपून ठेवतो आणि नंतर फक्त त्यांच्याच मागे लागतो. उत्तम भाग हा, की तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू ठेवता येतं. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. मी रात्रभर माझा ड्राइव्ह चालवला, सकाळी मावशीचा, तो साफ केलेला. शेवटी ४० सेक्टर राहिले, म्हणजे ८० केबी.

ती जागा व्हिडिओत शोधली. आहेर देणाऱ्यांच्या रांगेत चित्र क्षणभर चौकोनी ठोकळ्यांचं होतं. आजोबा त्याच्या आधीच बोलून खाली बसलेले असतात.

आता पाचही डिस्का हार्ड डिस्कवर आहेत, एक प्रत पेनड्राइव्हवर मावशीकडे. मूळ डिस्का तिनं टाकलेल्या नाहीत, यंत्रमागाच्या भिंतीपासून लांबच्या खोलीत, उभ्या ठेवल्यात. तुमच्याकडच्या डिस्कचा आलेख विचित्र आला तर फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू.