गर्भपात गुन्हा आहे का? दोन कायद्यांची गल्लत

काही दिवसांपूर्वी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक बाई ओट्यावर येऊन बसल्या होत्या. सोबत सासू. बाईंचे वय तिशीच्या आत, पदरी दोन मुले, धाकटे जेमतेम अकरा महिन्यांचे. अंगात ताप, नाडी जलद, चेहरा पांढराफटक. चार दिवसांपासून अंगावरून जात होते. खोदून विचारल्यावर कळले, की दिवस राहिले होते आणि कोणीतरी आणून दिलेल्या गोळ्या त्यांनी घरीच घेतल्या होत्या. तिसरा महिना संपत आला होता.

"मावशी, सरकारी दवाखान्यात का नेलं नाही?" मी विचारले.

"डॉक्टरसाहेब, पोरीला जेलात घालायचं का? तिथं भिंतीवरच लिवलंय, गुन्हा हाय म्हणून."

त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. गर्भाचा काही भाग पिशवीत राहून जंतुदोष झाला होता. पिशवी साफ करावी लागली, रक्त द्यावे लागले. बाई वाचल्या. पण सासूबाईंचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भिंतीवर खरोखरच लिहिलेले असते. मात्र ते असते ‘गर्भलिंग निदान करणे हा गुन्हा आहे’ असे. गर्भपात गुन्हा आहे, असे तेथे कोठेही लिहिलेले नसते.

गल्लत कशी झाली?

आपल्याकडे या विषयाचे दोन वेगळे कायदे आहेत. पहिला १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याआधी बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडला, तर गर्भपात हा गुन्हाच होता. त्यामुळे काड्या, मुळ्या, गावठी औषधे यांच्या नादाने अनेक बायका प्राणास मुकत. हे थांबावे म्हणून महाराष्ट्राचे त्या वेळचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून हा कायदा आला.

दुसरा कायदा गर्भलिंग निदानाविरुद्धचा. असा कायदा प्रथम आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. पोटातला गर्भ मुलगा की मुलगी हे पाहणे, सांगणे आणि तशी मागणी करणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील प्रकरण गाजले, तपासण्या कडक झाल्या, भिंती रंगल्या.

हे सर्व योग्यच झाले. पण प्रचारात ‘भ्रूणहत्या’ हा शब्द तोंडी बसला. लिंग तपासणे हा गुन्हा, ही गोष्ट मागे पडली आणि ‘हत्या’ तेवढी लक्षात राहिली. आज चांगले शिकलेले लोकही मला हलक्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, हे कायद्यात बसतं का?"

कायदा काय म्हणतो?

गर्भामुळे बाईच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, गर्भात मोठे व्यंग असेल, गर्भ बलात्कारातून राहिला असेल किंवा कुटुंबनियोजनाचे साधन निकामी ठरून दिवस राहिले असतील, तर गर्भपात करता येतो. मात्र डॉक्टरांचे तसे मत व्हावे लागते. नुसत्या मागणीवर तो होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोघांचे लागते, आणि तेही ठराविक परिस्थितीतच : बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, या काळात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग स्त्रिया वगैरे. मोठे व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळ निर्णय देते.

लग्न झालेले नसले तरी हा हक्क आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ शब्द आणला, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

सही कोणाची?

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, सासऱ्याची, वडिलांची सही कायद्याने लागत नाही. नवऱ्याची सही नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर ती त्या दवाखान्याची रीत झाली, कायदा नव्हे. अठराच्या आतील मुलीसाठी पालकांची संमती लागते. बाईचे नाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे गावभर होईल ही भीती नको.

कोठे जावे, काय टाळावे?

पाळी चुकल्यावर आठवडाभरात लघवीची तपासणी करून घ्या. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. जितके लवकर, तितके सोपे आणि सुरक्षित. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. खाजगी रुग्णालयात मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे, ते पाहा. प्रत्येक डॉक्टरला ही परवानगी नसते. मी एम.बी.बी.एस. असलो तरी लागणारे प्रशिक्षण माझ्याकडे नाही, म्हणून मी पेशंटला योग्य जागी पाठवतो.

गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. नळी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी तपासणी हवी. दोन तास सलग दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप येत असेल, चक्कर किंवा पोटात असह्य दुखत असेल, तर तडक रुग्णालय गाठा. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात, तेव्हा तांबी, गोळ्या, निरोध यांचा विचार त्याच वेळी करा.

गर्भपात चांगला की वाईट, याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. धर्म, घरचे संस्कार, स्वतःचा अनुभव यांतून ते बनते, आणि मी कोणाला बदला म्हणणार नाही. पण मत वेगळे आणि माहिती वेगळी. त्या सासूबाई सुनेच्या वाईटावर नव्हत्या. तिला तुरुंगातून वाचवण्याच्या नादात त्यांनी तिला मृत्यूच्या दारात नेले. जाताना त्या म्हणाल्या, "आधी कुणी सांगितलं असतं तर!" वाचकहो, तुमच्या घरात, आळीत, बचत गटात हे सांगणारे तुम्ही व्हा.