परवाना परत करणारा साधू
(मंडळीचे पुढारी : लेखांक ५)

चंडीगड मागे पडले की शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात. त्याच बाजूला, वर डोंगरात सबाथू लागते. ख्रिस्ती प्रचारक साधू सुंदरसिंग यांचे हे जुने ठिकाण. जन्म १८८९ चा, लुधियाना भागातल्या रामपूरचा, शीख घरातला. १९०५ मध्ये सिमल्यात बाप्तिस्मा झाला आणि लगेच त्यांनी भगवी वस्त्रे घातली.

गेल्या आठवड्यातला प्रश्न अर्धवट राहिला होता. पाळकात जे कमी आहे ते भरून काढायचे, की जे आहे ते फुलवायचे? सुंदरसिंगांच्या बाबतीत चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी पहिली वाट धरली. १९०९ च्या शेवटी त्यांना लाहोरच्या सेंट जॉन्स डिव्हिनिटी स्कूलमध्ये धाडले. हेतू चांगलाच होता. पण उघड्या रस्त्यावर माणसे जमवणाऱ्या या तरुणाला वर्गातल्या बाकावर काही सापडेना, आणि काही महिन्यांतच तो बाहेर पडला. प्रचाराचा परवाना मिळाला होता. त्यासोबत भगवी वस्त्रे सोडायची आणि ठरलेल्या धर्मप्रांताबाहेर बोलायचे नाही, अशा अटीही आल्या. सुंदरसिंगांनी परवाना बिशप लेफ्रॉय यांना परत केला. भांडण झाले नाही; बिशपांनी त्यांची अडचण ओळखली.

याच काळात अहमदनगरला वेगळाच प्रयोग चालू होता. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक संतापी, लहरी आणि पैशाच्या बाबतीत तर अगदीच बेभरवशाचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे हसत हसत, पण काहीही न लपवता लिहिले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. ह्यूम यांनी या कवीला हिशेबनीस करण्याचा खटाटोप केला नाही. शिकवणे, लिहिणे, भजने रचणे ही कामे त्यांच्याकडे आली. १९०४ मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन. मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते आजही रविवारी गायली जातात.

मग गुण वाढवले की काम झाले? तसे मुळीच नाही. सुंदरसिंग एकटे फिरत, त्यांच्या तिबेट प्रवासांना बहुधा साक्षीदार नसत. १९२० च्या दशकात युरोपात त्या कथांच्या खरेपणावरच वाद पेटला आणि उत्तर द्यायला हाताशी नोंदी नव्हत्या. १९२९ मध्ये ते पुन्हा तिबेटकडे निघाले ते परतलेच नाहीत. मागे त्यांचे काम पुढे नेईल अशी घडी बसलेली नव्हती. त्यांना पाळकाचा झगा घालायला लावण्यापेक्षा सोबत एक टिपणे ठेवणारा दिला असता तर?

टिळकांकडे ती सोबत घरातच होती, मिशनने नेमलेली नव्हे. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला, तेव्हाही घरखर्चाची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंनाच करावी लागली. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.