हृद्रोगी आणि किरणांचा हिशेब

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात एक विलक्षण दुर्घटना घडली. दिल्ली विद्यापीठातून लिलावात विकल्या गेलेल्या एका जुन्या उपकरणात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य राहून गेले होते. त्याच्या संसर्गात आलेल्या काही कामगारांना गंभीर इजा झाल्या व एकाचा मृत्यू ओढवला. अशा घटनेने किरणांचे भय वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच दिल्लीत, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या रुग्णालयांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेला हृद्रोगी क्ष-किरणांच्या यंत्राखाली निःशंकपणे पडून राहतो. मग ते भय खरे, की ही निःशंकता खरी?

श्रोतेहो, या दोन गोष्टींची जातच निराळी आहे. मायापुरीतील मात्रा प्रचंड होती. अशा मात्रेने असंख्य पेशी एकदम मरतात आणि परिणाम थोड्याच दिवसांत दिसू लागतो. तपासणीतील मात्रा तिच्या मानाने फारच अल्प असते. तिने पेशीच्या गाभ्यातील आनुवंशिक द्रव्याची क्वचित मोडतोड होते. बहुधा शरीर ती दुरुस्त करते. पण एखादे वेळी दुरुस्ती चुकते, आणि त्या चुकीतून बऱ्याच वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो.

ही मात्रा मिलिसीव्हर्ट या एककाने मोजतात. निसर्गातून आपणा प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राला एक दशांशाहूनही कमी लागतो. पण हृदयाच्या अँजिओग्राफीला साधारण ७, आणि अँजिओप्लास्टीला १५ च्या आसपास. १० मिलिसीव्हर्ट मात्रेने दोन हजार माणसांत सुमारे एकाला घातक कर्करोगाचा जादा धोका संभवतो, असा ढोबळ अंदाज आहे. आपल्या देशात नवांतील सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी कर्करोग होण्याचा संभव असतोच. त्यापुढे ही भर लहान आहे. मात्र एकामागून एक तपासण्या होत गेल्या की ती साठत जाते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८२,८६१ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १० मिलिसीव्हर्टमागे कर्करोगाचे प्रमाण ३ टक्क्यांनी वाढलेले त्यात आढळले. म्हणजे जेथे शंभर रुग्ण झाले असते, तेथे एकशेतीन. या रुग्णांत धूम्रपान करणारे किती, याची नोंद मात्र नव्हती; आणि तंबाखू तर हृदयालाही मारक व कर्करोगालाही कारक! तेव्हा हा आकडा अंतिम न मानता इशारा म्हणून घ्यावा, हेच युक्त.

याचा अर्थ तपासणी नाकारावी असा मुळीच नाही. झटका आलेल्या माणसाची तुंबलेली रोहिणी उघडण्यात घालवलेला प्रत्येक क्षण हृदयाचा स्नायू गमावतो. आज मरणाऱ्याला उद्याच्या संभाव्य रोगाचे भय दाखवणे हे शहाणपण नव्हे. प्रश्न आहे तो अनावश्यक पुनरावृत्तीचा. गावच्या रुग्णालयात झालेली तपासणी, तिची चित्रे हाती नाहीत म्हणून राजधानीत पुन्हा करावी लागली, तर ती मात्रा व्यर्थच गेली. लहान वयात हा हिशेब अधिक जपावा लागतो, कारण बालकांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढचे आयुष्यही दीर्घ असते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. क्ष-किरण यंत्रावर काम करणारा तंत्रज्ञ छातीवर मात्रामापक बिल्ला लावतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घालून दिली आहे. रुग्णाला अशी मर्यादा नाही. कारण त्याच्या बाबतीत लाभ मोठा की धोका, हा निर्णय वैद्याच्या विवेकावर सोपवलेला आहे. म्हणूनच त्या विवेकाला साहाय्य करणे हे रुग्णाच्या हाती आहे. प्रत्येक तपासणीची तारीख एका वहीत टिपावी. चित्रे व अहवाल जपून ठेवावेत आणि नव्या वैद्यापुढे आधी तेच ठेवावेत. ध्वनिलहरींनी होणारी इकोची तपासणी किंवा चुंबकीय क्षेत्रावर चालणारे एमआरआय यांत क्ष-किरण नसतात. त्यांनी काम भागेल का, हे आदरपूर्वक विचारावे. स्त्रीला गर्भ असण्याचा संभव असेल, तर ते आधीच सांगावे.

घरातला जमाखर्च आपण पैपैचा लिहितो. किरणांचा खर्चही तसाच लिहावा: गरज असेल तेथे हात आखडू नये, आणि गरज नसेल तेथे एक पैही दवडू नये.