आभाळ कोरडं, नदीला लोंढा

८ जून २०१४. हिमाचलात थलौटजवळ, बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं फोटो काढत होती. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि बघता बघता नदी फुगली. २४ विद्यार्थी वाहून गेले. चंदीगडला उतरून मनालीकडे निघालेली आपली मराठी कुटुंबं याच खोऱ्यातून जातात, आणि वाटेत नदीकाठी गाडी थांबवतातच.

थांबताना आपण वर बघतो. आभाळ मोकळं असलं की निर्धास्त होतो. डोंगरातल्या नदीच्या बाबतीत हीच सवय घात करते. हवामान खात्याच्या मोजमापात ढगफुटी म्हणजे २०-३० चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस. एवढ्याशा टापूवर तो कोसळत असताना पलीकडच्या खोऱ्यात लख्ख ऊन असू शकतं. उतार उभा, पात्र चिंचोळं; त्यामुळे पडलेलं पाणी पसरत नाही, एकाच वाटेने धावत सुटतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो, आणि ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन, गणिताने, ६४ पट.

म्हणून या लोंढ्यात नुसतं पाणी नसतं. ९ जुलै २०२३ ला मंडी जिल्ह्यातल्या थुनागच्या बाजारपेठेत चिखलाबरोबर झाडांचे ओंडके दुकानांना घासत खाली आले. त्याची चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. ओंडक्यांच्या गर्दीत पाणी जेमतेम दिसतं. त्याच दिवसांत चंदीगडमध्ये २४ तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. शिवालिक टेकड्यांतून येणारा एक चो, म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा, अडवून १९५८ साली हा तलाव केला. सेक्टरांच्या आखीव शहरालाही डोंगराचा शेजार चुकलेला नाही.

पाऊस नसतानाही लोंढा येतो, हे तर आणखी अवघड. ७ फेब्रुवारी २०२१ ला, भर हिवाळ्यात, चमोलीतल्या रौंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ मिळून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा कडा सुटला. ऋषिगंगेतून तो तपोवनपर्यंत पोचला. मृत आणि बेपत्ता मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली.

नदी स्वतः काही खुणा देते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं, काटक्या-पाचोळा वाहत येतो, तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा घरघराट ऐकू येतो. सगळ्यात फसवी खूण म्हणजे पाणी अचानक ओसरणं. लोक कुतूहलाने पात्रात उतरतात. खरं तर वर कुठे दरड कोसळून नदी अडली असण्याची ती शक्यता असते. अशा वेळी सामान सोडून द्यावं आणि काठाने खाली न पळता सरळ चढण धरावी. गाडीत बसून लोंढ्याच्या पुढे निघून जाऊ, हा विचार मनातही आणू नये.

दरडीमागे साठलेलं पाणी वेळेवर दिसलं तर काय होतं, याचं उदाहरण सतलजच्या खोऱ्यात आहे. १ ऑगस्ट २००० ला सतलजला अचानक पूर आला आणि हिमाचलात शंभराहून जास्त माणसं दगावली. २००४ मध्ये तिबेटात पारेछू नदीवर दरड कोसळून तलाव तयार झाला. या वेळी उपग्रहांची नजर त्याच्यावर होती. २६ जून २००५ ला तो फुटला. पूल आणि रस्ते वाहून गेले, पण काठावरची गावं आधीच वर हलवलेली असल्याने जीवितहानी टळली.

आज चंदीगडमध्येच भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळाचं मुख्यालय आहे आणि हिमस्खलनाचा अंदाज देणारी संरक्षण खात्याची संस्थाही. इशारे निघतात, धरणाखाली भोंगे वाजतात. दोन रात्रींपुरत्या आलेल्या पर्यटकाला मात्र त्या भोंग्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. तेव्हा हॉटेलात पाऊल टाकल्यावर, गरम पाणी किती वाजता येतं हे विचारायच्या आधी, मालकाला एवढं विचारून घ्या: भोंगा वाजला तर तुमच्या घरची माणसं कुठल्या वाटेने वर जातात?